गव्हाणीतल्या विटा

[दृश्य: डिसेंबरातली सकाळ. जालना जिल्ह्यातली एक वस्ती. घरांवर कागदी चांदण्या.]

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, दुसरा रविवार. या छोट्या मंडळीच्या उपासनेला आज निम्मे बाक रिकामे आहेत. कुणी रुसलेलं नाही. दिवाळी झाली की इथली बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती मार्चच्या सुमारास परततात. नाताळ येतो तेव्हा ही माणसं सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, साखर कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतात.

पाळकसाहेब मध्यस्थीच्या प्रार्थनेत आधी त्यांची नावं घेतात. कुणाचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, कुठल्या कारखान्याला गेलाय, लेकरं सोबत नेलीत की आजीपाशी ठेवलीत, हेही देवाला सांगतात. मग आवाज न बदलता पुढची नावं येतात. गाझा. युक्रेन. सुदान. इस्रायलमधून ओलीस नेलेल्यांची घरं.

[दृश्य: वेदीजवळ चार मेणबत्त्यांचं चक्र. दोन पेटलेल्या.]

मराठवाड्यात ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या, मंडळ्या तुरळकच. जालन्याच्या भागात स्कॉटिश मिशनचं काम रुजलं. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, त्यात मांग समाजातून आलेली अनेक कुटुंबं होती. पण वेदीजवळचं हे चक्र मात्र ल्युथरन परंपरेतून आलेलं आहे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विखर्न नावाच्या ल्युथरन पाळकानं, तो सांभाळत असलेल्या गरीब मुलांसाठी, गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. नाताळ किती दिवसांवर आला, ते मुलांना मोजता यावं म्हणून.

[दृश्य: तरुण संघाची मुलं गव्हाणी उभारताना.]

दरवर्षी या गव्हाणीला कडबा असतो, बाजूला मातीचे बैल असतात. यंदा मुलांनी पडक्या भिंतीच्या विटा आणि सिमेंटचे तुकडे आणलेत. कल्पना बेथलेहेमची. तिथल्या ल्युथरन ख्रिसमस चर्चमध्ये २०२३ च्या डिसेंबरात पाळक मुंथर आयझॅक आणि त्यांच्या मंडळीनं काँक्रीटच्या ढिगाऱ्यात बाळ येशू ठेवला होता, पॅलेस्टिनी रुमालात गुंडाळून. त्या वर्षी जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांनी रोषणाई आणि जल्लोष टाळायला सांगितलं होतं. ज्या गावात येशू जन्मला, त्याच गावात उपासना झाली, पण सणाचा झगमगाट झाला नाही.

मंडळीतल्या काही जुन्या माणसांना ही गव्हाणी रुचली नाही. सणासुदीला हे कशाला, असं एक काका सरळ म्हणाले. त्यांचं म्हणणं उडवून लावण्याजोगं नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला एक दिवस निखळ आनंदाचा हवा असतो. पण मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं की दुसऱ्याच अध्यायात हेरोद राजाचे शिपाई आहेत. बेथलेहेमची लेकरं मारली जातात. योसेफ रातोरात बाळ-बाळंतिणीला घेऊन मिसर देशात पळतो. ती रात्र वगळून नाताळ सांगताच येत नाही.

[दृश्य: ओसरीवर महिला मंडळ. परातीत सारण, पोळपाटावर करंज्या.]

करंज्या लाटता लाटता गोष्ट मागे जाते. एक आजी सासूकडून ऐकलेलं सांगतात. निजामकाळातल्या रझाकारांच्या दिवसांत अंधार पडला की गाव रानात जायचं, लेकराच्या तोंडावर पदर धरायचा, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये. कितीतरी घरं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. आणि सप्टेंबर १९४८ मधल्या भारतीय सैन्याच्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या अनेक मुसलमान कुटुंबांवर तीच वेळ आली, हेही या आजी त्याच दमात सांगतात. “पळणाऱ्याला जात नसती, बाई,” म्हणतात आणि करंजीची कड दुमडतात.

ऊसतोड म्हणजे युद्ध नव्हे. इथून गेलेलं माणूस परत येतं, घर जागेवर असतं, हा फरक लहान नाही. तरी कोपीत बाळंत झालेल्या बाईला गव्हाणीतलं बाळंतपण समजावून सांगावं लागत नाही. लांबची बातमी इथे जवळची होते, ती या वाटेनं.

युक्रेनचं तर आणखी वेगळं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे डॉक्टरकी शिकणारी मराठवाड्यातली पोरं अडकली होती. भारत सरकारच्या ऑपरेशन गंगामधून ती घरी पोचेपर्यंत इथल्या आईबापांनी रात्री फोनकडे बघत काढल्या. आपली पोरं आली. तिथल्यांची तिथेच राहिली.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. निर्वासितांच्या रांगा.]

ल्युथरन जागतिक महासंघ स्थापन झाला तोच युद्धाच्या राखेतून, १९४७ साली, स्वीडनमधल्या लुंड शहरात. तेव्हा जगातल्या दर सहा ल्युथरनांमागे एक जण निर्वासित किंवा विस्थापित होता, असं हा महासंघ सांगतो. त्यामुळे निर्वासितांची सेवा हे त्याचं पहिल्यापासूनचं काम. जेरुसलेमच्या जैतुनाच्या डोंगरावरचं ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालय तोच चालवतो. गाझा आणि वेस्ट बँकमधले कर्करोगाचे रुग्ण तिथे उपचाराला यायचे. युद्ध पेटल्यावर गाझाची वाट बंद झाली.

[दृश्य: उपासनेनंतरची बैठक. सतरंजीवर वही, दानार्पणाची पिशवी.]

जालन्याच्या वस्तीतून हे थांबवता येत नाही, हे इथे सगळ्यांना कळतं. म्हणून बैठकीत बोलणं चालतं ते आपल्या हातातल्या गोष्टींचं. फटाके नकोत, हे तरुण संघानंच मांडलं आणि ते लगेच मान्य झालं. स्फोटाच्या आवाजाला घाबरून जगणाऱ्या लेकरांसाठी प्रार्थना करायची आणि बाहेर येऊन सुतळी बॉम्ब लावायचा, हे पोरांनाच पटेना. वाचलेल्या पैशांवर मात्र बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. निम्मे चर्चच्या मदतनिधीत, युद्धग्रस्तांसाठी. निम्म्यांतून ब्लँकेटं आणि लेकरांचे स्वेटर. ते घेऊन कॅरलची मंडळी यंदा गावात फिरून झाल्यावर जवळच्या कारखान्याच्या तळावर जाणार. तिथल्या कोप्यांत ख्रिस्ती किती, हा प्रश्न बैठकीत कुणी काढला नाही.

२८ डिसेंबर हा बेथलेहेमच्या मारल्या गेलेल्या लेकरांच्या स्मरणाचा दिवस. त्या संध्याकाळची प्रार्थना महिला मंडळ चालवणार आहे. विटांच्या गव्हाणीवर नाराज असलेल्या काकांनी त्या दिवशीचं शास्त्रवाचन मागून घेतलंय.