पारापर्यंतचं अंतर

मंडळी, मघाशी आत येताना पहिल्या रांगेतल्या आजींना विचारलं, "पाय दुखतात का?" त्या म्हणाल्या, "दुखतेत की. पण जायचं तरी कुटं हाय?" माझं अर्धं व्याख्यान त्यांनीच उरकलं.

"म्हातारं थकलं" म्हणून आपण वयावर बोट ठेवतो. वैद्यकात याला जर्जरता म्हणतात आणि ती मोजता येते. २००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा मांडल्या : वर्षभरात आपोआप साडेचार किलो वजन उतरणं, सततचा थकवा, हाताची पकड ढिली, चाल मंद, हालचाल कमी. तीन जुळल्या तर जर्जर. एक-दोन असतील तर माणूस अजून उंबरठ्यावर आहे, तिथून माघारी फिरता येतं. चाल तर घरीच बघा. नेहमीच्या चालीनं १५ फूट जायला सहा-सात सेकंद किंवा जास्त लागले, की डॉक्टरांच्या कानावर घाला.

या पाचांत शेजारपाजार कुठं नाही. पण आपल्या भागात मला तोच आधी दिसतो.

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली कितीतरी गावं नव्या जागी वसली. रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांना तेच हवं होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. जुन्या गल्लीत मात्र या ओसरीवरून त्या ओसरीवर बोलता यायचं. विरजण मागायला, पापड लाटायला, नुसतं बोलायला बाई दिवसातून दहादा उठायची. तेव्हा चाळिशीत असलेल्या बाया आज सत्तरीपार आहेत आणि मैत्रीण तीन रस्ते पलीकडं. ते उठणं-बसणं हाच त्यांचा व्यायाम होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

उठणं थांबलं की मांडीचे स्नायू रोडावतात. मग पडायची भीती, मग हरिपाठालाही नको. त्यात एकट्या जिवासाठी चूल कोण पेटवणार? वरण होत नाही, चहात खारी बुडवली की झालं जेवण. प्रथिनं नाहीत, मग स्नायू टिकणार कशावर? पाय आधी थांबले की माणसं, हे विचारू नका. वर्षानुवर्षं वृद्धांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांतही एकटेपणा आणि जर्जरता एकमेकांना खतपाणी घालताना दिसतात.

पुण्याहून लेकाचा व्हिडिओ कॉल येतो. चांगलंच आहे, बोलावंच त्यानं. पण त्यासाठी खाटेवरून उठावं लागत नाही.

ग्रामपंचायतीची मंडळी समोर बसलीत, म्हणून मागून घेतो. व्यायामाची यंत्रं नंतर आणा. देवळाच्या वाटेवर, लिंबाच्या सावलीत, दोन ओटे बांधा, दम खायला. फार बुटके नकोत, उठताना गुडघ्यावर जोर येतो. आणि कडेला धरायला लोखंडी पाइप तेवढा बसवा.