माळ्यावरची पहिली आवृत्ती

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्यांविषयी.

रमाबाई रानडे यांचा जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 साली छापल्या गेल्या, आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातले 101 दिवस 1882 सालीच लिहून काढले. नुसतं वाचायचं असेल तर नवी आवृत्ती घ्या, स्वस्त पडते. पण पहिल्या आवृत्तीचा नाद लागला, की माणूस वाड्यांचे माळे आणि रद्दीची दुकानं पालथी घालू लागतो.

आता अडचण अशी, की जुन्या पुस्तकाचं पहिलं पान हमखास फाटलेलं असतं. साल कळणार कसं? आधी किंमत शोधा. ती रुपये-आण्यांत असेल, तर पुस्तक बहुधा एप्रिल 1957 पूर्वीचं. ‘नवे पैसे’ दिसले, तर त्यानंतरच्या सहा-सात वर्षांतलं. मग विक्रेता कितीही ‘दुर्मिळ, दुर्मिळ’ म्हणो. शक दिला असेल तर 78 मिळवा: कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ 1915 चं, म्हणजे शके 1837. ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार भरलेले दिसले तर मजकूर 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीचा असण्याचा संभव मोठा. पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका, कारण जुना मजकूर तसाच पुन्हा छापणारेही आहेत. प्रस्तावना मात्र जरूर वाचा. ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’ अशी सुरुवात असली, की संपलं!

पुस्तक मिळालं की पहिला मोह चिकटपट्टीचा. तो आवरा. पट्टी पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि अक्षरं घेऊन निघतो. लॅमिनेशन तर नकोच. सुटी पानं साध्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, आणि सांगलीकरांनो, खालच्या फळीवर ठेवू नका. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आपल्या नगरवाचनालयातल्या पुस्तकांचं काय झालं, ते आपण पाहिलंय. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकलं तर पानं वाकडी होतात. पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवावं.

आणखी एक. पानावर वाचनालयाचा शिक्का असेल, तर त्यावर ‘बाद’ असा शेरा आहे का ते बघा. तो नसेल, तर पुस्तक आधी त्या वाचनालयाला दाखवा. त्यांनी ‘न्या’ म्हटलं, तरच आपल्या कपाटात.