काटा उतरला, पण गेलं काय?

नमस्कार श्रोतेहो. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय हल्ली पुण्यात लग्नाच्या पंगतीतही निघतो, तोही जिलबी वाढून झाल्यावर. मौंजारो भारतात आलं मार्च २०२५ मध्ये, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. मौंजारोतलं औषध टिर्झेपेटाइड, वेगोव्हीतलं सेमाग्लुटाइड. जेवणानंतर आपल्या आतड्यातून जे हार्मोन सुटतं, त्याची ही नक्कल. पोट सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला ‘पुरे’ हा निरोप लवकर पोचतो.

गुण येतो, यात शंका नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत जवळजवळ २१ टक्के. म्हणजे ९० किलोच्या माणसाचे साडेतेरा ते एकोणीस किलो. पण हे किलो कशाचे? चरबीचे की स्नायूंचे? हा प्रश्न आपल्याकडे जास्त अडचणीचा का आहे, ते कळायला पुण्याच्या रास्ता पेठेत जाऊ या.

तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मधुमेहाचे संशोधक. जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी जेमतेम पानभर मजकूर छापला. सोबत फोटो त्यांचाच, दोघे शेजारी शेजारी. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा म्हणजे बीएमआय. तो दोघांचाही सारखाच, २२.३. विम्याचा फॉर्म भरताना कोणी दोघांकडे वळूनही पाहिलं नसतं.

मग दोघांचं डेक्सा स्कॅन झालं. हाडं किती, चरबी किती, बाकीचा ऐवज किती, हे ते यंत्र वेगवेगळं करून दाखवतं. युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के. आणि याज्ञिकांच्या? २१.२ टक्के! पुन्हा सांगते, बीएमआय तोच, २२.३. चरबी एकाची ९, दुसऱ्याची २१. दुपटीहून जास्त.

कारण काय असावं, याबद्दल त्यांनी मिश्कीलपणे लिहिलं. युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत पळत जाऊन आत शिरणं! (ज्या सोसायट्यांमध्ये पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबते, त्यांच्या मेंटेनन्सच्या बिलात वेगळा दंड असावा, असं माझं जुनं मत आहे.) पण त्याच मजकुरात एक गंभीर ओळही होती. याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं. आईच्या पोटातच पोषण कमी पडलं, तर पुढे अशी चरबी साठत असेल का?

हा प्रश्न हवेतला नव्हता. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची पाहणी याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून चालवली होती. आपली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधली साडेतीन. पण कमी पडलं होतं ते स्नायूंमध्ये. चरबी बरीचशी शाबूत! दिसायला काटकुळं आणि आतून चरबीचं, असं हे अंग आपण जन्मतःच घेऊन येतो. स्नायूंचं भांडवल मुळातच तुटपुंजं.

आता इंजेक्शनांकडे वळू. चाचण्यांतल्या काही लोकांचं स्कॅन केलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला पंचवीस ते चाळीस टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात पाणी आलं, तसे स्नायूही आले. आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. स्नायू मात्र असे आपोआप परतत नाहीत.

म्हणून नुसतं इंजेक्शन घेऊन भागत नाही. प्रथिनं किलोमागे निदान एक ग्रॅम हवीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण अठरा. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हा हिशेब डॉक्टरांना विचारून. भूकच मेलेली असते, त्यामुळे माणूस चहा-खारीवर दिवस काढतो. तेव्हा ताटातला पहिला घास उसळीचा किंवा अंड्याचा, भात मागून. आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज काहीच खाल्लं नाही’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं? एकादशी दुप्पट खाशी, प्रथिनं मात्र नावाला! आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, असं तीनदा. भिंतीला हात टेकून दंड. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

इंजेक्शन कुणाला? बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असं काही. लग्नाच्या शालूसाठी पाच किलो, हे कारण नव्हे. हृदयविकार असलेल्या स्थूल लोकांना फायदा खराच. सेमाग्लुटाइडच्या २०२३ मधल्या, सतरा हजारांवर लोकांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यापायी मृत्यू हे शंभरातल्या ८ जणांऐवजी साडेसहा जणांना आलं.

सेमाग्लुटाइडचा डोस चढतो ०.२५ मिलिग्रॅमपासून. मग ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४, प्रत्येक पायरीवर चार आठवडे. पहिला डोस वजनासाठी नसतोच, आतड्याला सवय लावण्यासाठी असतो. घाईने पायरी गाळली की उलट्या होतात, पाणी कमी पडतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखलं, तर पित्ताचे खडे. दोन्हींत डोस थांबवून थेट रुग्णालय. मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ते कमी करावं लागतं, नाहीतर साखर घसरते. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर हे औषध नाही. मूल हवं असेल, तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी बंद. शस्त्रक्रिया ठरली की भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं. पुन्हा सांगते, भूल देणाऱ्यांना सांगा.

आणि पेन, म्हणजे हे औषध ज्यातून टोचून घेतात ते. पोटावर टोचायचं तर बेंबीपासून दोन इंच लांब, दर आठवड्याला जागा बदलून, सुई दर वेळी नवी. सुई बदलली तरी पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. न उघडलेलं पेन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं औषध वितळलं, तरी ते टाकूनच द्यायचं, कितीही रुपयांचं असो. नमस्कार.