बटण कोणत्या तारेवर?

श्रोतेहो, नमस्कार. गणपतीच्या आधी घराला रंग देण्याचा विषय निघाला, की त्यामागोमाग पडवीत एक दिवा हवा, जिन्याखाली अंधार आहे, ओट्यावर आपलीच सावली पडते, अशा घरोघरीच्या मागण्याही पुढे येतात. जुन्या वायरिंगमध्ये एक नवा दिवा आणि त्याचे बटण वाढवणे हे काम लहान समजले जाते, आणि त्यामुळेच ते घाईने उरकले जाते. वायरमन व्यवसायाच्या वर्गात मी शिकवतो, तेव्हा पहिल्याच दिवशी जे वाक्य फळ्यावर लिहितो, तेच आज आपल्यापुढे ठेवतो: बटण नेहमी फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर बसवावे, न्यूट्रलवर, म्हणजे ती परत नेणाऱ्या तारेवर कधीही बसवू नये. हे मी पुढेही पुन्हा सांगणार आहे, कारण ते ऐकायला सोपे वाटते आणि भिंतीवर चढताना विसरले जाते.

रत्नागिरी जिल्ह्यात एका कौलारू घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्या पडवीच्या टोकाला बऱ्याच वर्षांपूर्वी कोणीतरी एक दिवा वाढवून दिला होता आणि त्याचे बटण माजघरातल्या बोर्डावर होते. लाकडी पट्टीतून गेलेली जुनी वायर, पितळी होल्डर आणि ६० वॅटचा पिवळा बल्ब, असा तो दिवा होता. बटण दाबले की लागत असे, बंद केले की विझत असे, आणि त्यापलीकडे कोणी काही पाहिले नव्हते. पुढे २०१५ साली उजाला योजना सुरू झाली, स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी आले, आणि बाईंनीही पडवीत ९ वॅटचा बल्ब लावला. त्या रात्रीपासून बटण बंद केल्यावरही तो बल्ब मंद मिणमिणू लागला.

घरात यावर बरीच चर्चा झाली. सूनबाईंनी बल्ब खराब आहे असे म्हणून दुसरा आणला, तोही मिणमिणला. मग दुकान बदलून तिसरा आणला, त्यानेही तेच केले. शेजारच्या आजींनी पडवीतल्या त्या उजेडाविषयी वेगळीच शंका बोलून दाखवली आणि मुले संध्याकाळनंतर तिकडे जाईनाशी झाली. बाईंनी मात्र वर्षानुवर्षे विज्ञान शिकवलेले असल्यामुळे त्यांचा एकच प्रश्न होता: बटण बंद आहे, तर बल्बला वीज कुठून मिळते? त्या प्रश्नासाठी त्यांनी मला बोलावून घेतले. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने बटण बंद करून, अनवाणी पायांनी ओल्या लादीवर ठेवलेल्या स्टुलावर चढून होल्डर पुसायला घेतला होता आणि त्याच्या हाताला सणसणीत मुंग्या आल्या होत्या. तो लगेच उतरला म्हणून बचावला. बल्ब बदलून मिटणारी ही बाब नाही, हे बाईंच्या तेव्हाच लक्षात आले होते.

मी आणि माझा परवानाधारक विद्यार्थी गेलो. बटण बंद ठेवून आम्ही बल्ब काढला आणि होल्डरच्या पिनांना टेस्टर लावला, तर एका पिनेवर तो लख्ख पेटला. कारण उघड झाले. दिवा वाढवणाऱ्याने फेज थेट होल्डरला नेला होता आणि बटण न्यूट्रलवर घातले होते. पट्टीतल्या दोन्ही तारांचे रंग उडून सारखेच मळकट झाले होते. टेस्टर न लावता त्याने अंदाजाने जोड दिले आणि दिवा लागला म्हणून काम बरोबर झाले असे मानले. न्यूट्रल तोडला तरी दिवा विझतोच, त्यामुळे ही चूक डोळ्यांना कधीच दिसत नाही. होल्डर मात्र अहोरात्र २३० व्होल्टवर राहतो. कोकणातल्या दमट, खारट हवेत त्या होल्डरच्या आत ओलसर धूळ साचली होती, आणि तिच्यातून वीज पितळी कवचापर्यंत उतरत होती.

मग तो मिणमिणता उजेड कसला होता? बल्बपासून बटणापर्यंत परत येणारी तार इतर तारांच्या शेजारून आणि ओल धरलेल्या भिंतीवरून जात होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण उलटसुलट होणारी असल्यामुळे, मध्ये इन्सुलेशन असूनही अशा शेजारच्या तारांमधून आणि भिंतीतून अतिशय सूक्ष्म प्रवाह वाहत राहतो. ६० वॅटच्या बल्बची तार तेवढ्याने तापतही नाही, एलईडीला मात्र तेवढा प्रवाहही पुरतो. जुन्या बल्बने जी चूक वर्षानुवर्षे झाकून ठेवली, ती नव्या बल्बने दाखवून दिली. मिणमिणण्यामागे प्रत्येक वेळी हीच चूक असते असे नाही. बटणात लाल खुणेचा दिवा असला तरी एलईडी तसा पेटतो. मात्र असे दिसले की तपासणी करायलाच हवी.

आम्ही आधी मेन बंद केला, पुन्हा टेस्टर लावून खात्री केली, बोर्डामागचे दोन जोड सोडून त्यांची अदलाबदल केली आणि पितळी होल्डरच्या जागी बेकेलाइटचा बसवला. त्या रात्री बटण बंद केल्यावर पडवीत पूर्ण अंधार झाला आणि बाईंनी नातवंडांना मुद्दाम तिथे नेऊन फेज आणि न्यूट्रल समजावून सांगितले. म्हणून पुन्हा सांगतो: बटण फेजवर, न्यूट्रलवर कधीही नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. बल्ब, फ्यूज किंवा बिघडलेले बटण बदलण्याची घरमालकाला नियमाने मोकळीक आहे. नवा पॉइंट काढणे मात्र परवानाधारकाचे काम आहे. या कामासाठी लोक मीटरभर वायरवरून घासाघीस करतात आणि त्याच खोलीच्या छतात शोभेचे डझनभर दिवे बसवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते; ओट्यावर नेमक्या जागी लावलेला एक दिवा त्या सगळ्यांपेक्षा उपयोगी असतो. नव्या दिव्याचा फेज लाईटच्या सर्किटवरूनच घ्यावा. एका लाईट सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, ही आपल्याकडची रूढ मर्यादा आहे, आणि ९ वॅटचा दिवा त्यात सहज सामावतो. गीझर किंवा एसीच्या जाड तारेवरून मात्र दिवा काढू नये. त्या सर्किटचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप उडणारा स्विच, १६ किंवा २० अँपिअरचा असतो, आणि दिव्याकडे गेलेली बारीक तार तो उडण्याआधीच तापून जळू शकते. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरावी. बटणातून दिव्याकडे जाणारी, जिला आपले वायरमन हाफ म्हणतात, ती तार आणि न्यूट्रल या दोन्ही एकाच सर्किटच्या असाव्यात. जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेऊ नये. दिव्याचे बाह्यांग धातूचे असेल, तर हिरवी अर्थिंगची तारही तिथपर्यंत गेलीच पाहिजे.

घरात इन्व्हर्टर असेल तर विशेष लक्ष द्यावे. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर आपल्या तारांना वीज पुरवतच राहतो, आणि पुष्कळ घरांत लाईटचे पॉइंट त्याच्यावरच असतात. म्हणून टेस्टर आधी चालू प्लगवर चालतो याची खात्री करून घ्यावी, मेन बंद करावा, इन्व्हर्टर बंद करावा, तारेला टेस्टर लावून पाहावा, आणि मगच तार हातात घ्यावी. एमसीबी आपल्याला शॉकपासून वाचवील असा अनेकांचा समज आहे. तो तार जास्त तापण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवतो. जीव घेणारा प्रवाह अँपिअरचा अगदी लहानसा अंशच असतो आणि एमसीबीला तो जाणवतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अंगातून किंवा ओलीतून जमिनीकडे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, लागतो. नवा दिवा काढण्यासाठी वायरमन घरी येणारच आहे, तर त्याच वेळी तोही बसवून घ्यावा. माझ्या मते दिवाणखान्यातल्या झुंबराआधी खर्च करण्याची वस्तू ती आहे.

काम संपले असे वायरमनने सांगितले, की त्याच्याकडून आपल्यासमोर एक तपासणी करून घ्यावी. वीजपुरवठा सुरू, बटण बंद, बल्ब काढलेला, आणि टेस्टर होल्डरच्या दोन्ही पिनांवर. एकाही पिनेवर तो लख्ख पेटला, तर बोर्ड लगेच पुन्हा उघडायला सांगावे. पट्टीची झाकणे बसायची आहेत आणि रंग लागायचा आहे, तोवर ते काही मिनिटांचेच काम असते.