दहा मैलांचा दिवस

२८ एप्रिल १८६९. अमेरिकेत युटाच्या उजाड माळावर, देशाची दोन टोकं जोडणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग बांधणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीने एका दिवसात दहा मैल लोहमार्ग टाकला. रूळ उचलून जागेवर ठेवणारे होते आठ आयरिश मजूर. खडी भरणं, ठोकाठोक, बाकीची हमाली यांत चिनी मजुरांचा मोठा भरणा होता. आठही आयरिशांची नावं इतिहासात नोंदलेली आहेत: मायकल शे, पॅट्रिक जॉइस वगैरे. चिन्यांपैकी एकाचंही नाही. त्यांचा पगार बहुधा टोळीच्या मुकादमाच्या नावावर निघे. बाकी सगळी नुसती डोकी.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या ग्रॅनाइटमधून बोगदे खोदले ते प्रामुख्याने याच डोक्यांनी. जून १८६७मध्ये त्यांनी संप केला. मागणी होती महिना ४० डॉलरची, आणि कामाचे तास कमी करण्याची. कंपनीने छावणीची रसद तोडली. आठवडाभरात संप संपला. उपाशी माणूस किती ताणणार?

उपासमार आयरिशांनाही नवी नव्हती. १८४५पासून बटाट्याचं पीक कुजत गेलं, दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांचं स्वागत कसं झालं, तर ‘आयरिशांनी अर्ज करू नये’ अशा जाहिरातींनी. आणि तरीही सॅन फ्रान्सिस्कोत ‘चिन्यांनी चालतं व्हावं’ ही आरोळी घुमवणारा मजूर पुढारी डेनिस कर्नी होता आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला, ऐन दुष्काळात, १८४७ साली जन्मलेला! मला यात नुसता द्वेष दिसत नाही. मालक एकाची मजुरी दुसऱ्याला दाखवून पाडत होते. कर्नी मालकांवरही तुटून पडे. पण मालक आपल्या जागी राहिले आणि १८८२मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा आला. तो उठायला १९४३ उजाडलं.

या बंदीतून जे निर्माण झालं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९०६च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतलं जन्माचं दप्तर जळालं. मग ‘मी इथेच जन्मलेला नागरिक, हा माझा मुलगा’ असं सांगून अनेक चिन्यांनी फक्त कागदोपत्री आपले असलेले मुलगे आणले; नागरिकाच्या मुलाला बंदी लागू नव्हती. असे खोटे मुलगे पकडण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावर, येणाऱ्यांच्या तपासणी ठाण्यात, आठवडेच्या आठवडे उलटतपासणी चाले: गावात विहीर कुठे, घराला पायऱ्या किती. तिथल्या कोठड्यांच्या लाकडी भिंतींवर अडकलेल्यांनी चिनी छंदात कविता कोरल्या. १९७० साली, इमारत पाडायचं घाटत असताना, एका वनरक्षकाचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

सॅन फ्रान्सिस्कोतली चिनी वस्ती, चायनाटाउन, हीही भूकंपानंतरच नव्याने उभी राहिली. तिला हटवून शहराबाहेर न्यायचा डाव होता. चिनी व्यापाऱ्यांनी गोऱ्या वास्तुविशारदांकडून पॅगोड्यासारखी छपरं बांधून घेतली, पर्यटक यावेत म्हणून. पर्यटक आले, आणि चायनाटाउन हललं नाही.