उभी गाडीही सरकते

[दृश्य: वाळूज एमआयडीसी. गोदामाच्या ओट्याला मागे घेतलेला दहा चाकी ट्रक.]

गाडी ओट्याला लागली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद. ड्रायव्हरला वाटतं, आता काम हमालांचं आणि फोर्कलिफ्टचं. पण इथला खरा धोका गाडी उभी राहिल्यावरच सुरू होतो.

तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन चार टनांच्या पुढे असतं. माल घेऊन ती हौद्यात शिरते, ब्रेक मारते, आणि तो सगळा जोर ट्रकला पुढे ढकलतो. हँडब्रेक मागची चाकं धरतो खरा, पण खाली तेल, माती किंवा पावसाचं पाणी असलं की धरलेलं चाकही घसरतं. दर खेपेला थोडं थोडं. मग ओटा आणि हौदा यांच्यात फट पडते, मधली लोखंडी प्लेट निसटते, आणि त्या वेळी तिथे उभा असलेला माणूस खाली जातो.

[दृश्य: मागचं चाक, जवळून. रबरी गुटका.]

म्हणून गुटका, म्हणजे चाकाला लावायची अडण. मागच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना, टायरच्या पुढच्या अंगाला, कारण गाडी पुढेच सरकते. निदान आठ इंच उंचीचा, रबरी, आणि ओट्याच्या भिंतीला साखळीने बांधलेला, म्हणजे तो जागेवर सापडतो. वीट चिरडते, गोटा उडतो. त्यांवर भरवसा नको.

चावी ओट्यावरच्या सुपरवायझरकडे. कुणीतरी ‘झालं’ म्हणतं, ड्रायव्हर गाडी काढतो आणि फोर्कलिफ्ट अजून आतच असते, हे चावीमुळे टळतं. फोर्कलिफ्ट बाहेर आली, प्लेट उचलली, गुटका काढणारा माणूस चाकापासून दूर झाला, की मगच चावी परत.

[दृश्य: लातूर, मार्केट यार्ड. सोयाबीनचे कट्टे.]

रस्त्यातल्या खड्ड्यांनी थप्पी मागे कलते आणि सगळा भार फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर येतो. उघडायला समोर उभं राहून पिन ठोकली, तर फाळका आणि कट्टे एकदमच अंगावर येतात. बाजूला उभं राहायचं, फटीतून थप्पी बघायची, मग पिन. आणि हे ओट्यापासून दहा फूट अलीकडेच उरकायचं; ओटा आणि गाडीच्या मध्ये कुणी नको.

जालन्यात सळई भरताना तर ड्रायव्हरने केबिनमध्येही बसू नये. क्रेनवर झुलणाऱ्या 40 फुटी बंडलाचं टोक केबिनपर्यंत येतं. बंडलाला हात लावून दिशा देणं हे ड्रायव्हरचं काम नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

[दृश्य: मालावर ताडपत्री. हातात दोर.]

सगळ्यात दुर्लक्षित जागा ही. भरलेल्या मालाचा माथा जमिनीपासून बारा-तेरा फुटांवर, आणि ड्रायव्हर कडेला उभा राहून दोर मागे ओढतो. दोर तुटला की ड्रायव्हर पाठीवर पडतो. मराठवाड्याच्या उन्हात प्लास्टिकचा दोर वरून जळतो. हात फिरवा: पांढरी भुकटी लागली, धागे काडीसारखे मोडले, तर तो दोर बाद. आवळणं नेहमी जमिनीवरून. वर चढावंच लागलं, तर गोदामात डोक्यावर आधारासाठी ताणलेल्या तारेला सेफ्टी बेल्ट अडकवून.

ही तार आणि कठडा असलेलं मचाण गोदामात बसवायचं काम मालकाचं आहे. ड्रायव्हर ते गाडीत घालून आणू शकत नाही.