बावीस वर्षांनी आलेला चौथा अल्बम

नमस्कार श्रोतेहो. लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाचं शहर आहे. तिथे १९८९मध्ये नील हॅल्स्टेड आणि रेचल गॉस्वेल या बालमित्रांनी एक बँड काढला, स्लोडाइव्ह. वय विशीच्या आसपास. तेव्हा इंग्लंडमध्ये अशा बँडांचं पेवच फुटलं होतं. गिटारचा आवाज रिव्हर्ब आणि डिले, म्हणजे घुमारा आणि प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टांमधून इतका पसरवायचा, की सूर लागला कुठे आणि विरला कुठे ते सांगता येऊ नये. पायाशी आवाज बदलणाऱ्या इफेक्ट पेडलांची रांग, ती सांभाळताना वादकांची नजर सतत खाली, बुटांकडे. म्हणून पत्रकारांनी टिंगलीने नाव ठेवलं, शूगेझ.

आपल्याला हे सुरुवातीला जड जातं. भावगीतात गायकाचा शब्द अन् शब्द समोर येतो. इथे आवाज गिटारांच्या आत बसवलेला असतो, तोही मुद्दाम. तेव्हा शब्द कळले नाहीत म्हणून लगेच स्टेशन बदलू नका, एवढीच विनंती.

१९९३मध्ये त्यांचा ‘सुव्लाकी’ हा दुसरा अल्बम आला. ब्रायन ईनोसारखा बुजुर्ग संगीतकार त्यातल्या दोन गाण्यांत सामील होता. आज या प्रकारातल्या उत्तम अल्बमांत त्याची गणना होते. तेव्हा मात्र ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या समीक्षकाने लिहिलं, की हा पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेलं बरं. लापशीने त्याचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे! पण हवा तशीच होती. ठसठशीत चालींच्या ब्रिटपॉपचे दिवस येत होते आणि स्लोडाइव्हच्याच क्रिएशन रेकॉर्ड्स कंपनीकडे ओअ‍ॅसिस हा ब्रिटपॉप बँड दाखल झाला होता.

अशा वेळी शहाण्या माणसाने काय केलं असतं? दोन-चार सोप्या चाली बांधल्या असत्या. हॅल्स्टेडने उलटं केलं. १९९५चा ‘पिग्मॅलियन’ त्याने बराचसा एकट्यानेच रचला. गिटारांचे थर काढून टाकले. उरली ती पुन्हापुन्हा फिरणारी छोटी आवर्तनं आणि भरपूर मोकळी जागा. अल्बम बाजारात आला आणि काही दिवसांतच कंपनीने बँडला नारळ दिला. पुढे हॅल्स्टेड आणि गॉस्वेल ‘मोहावी थ्री’ या बँडमधून साधी, शांत गाणी करत राहिले. ड्रमवादक सायमन स्कॉट आधीच बाहेर पडला होता. तो इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला.

मधल्या काळात इंटरनेटने आपलं काम केलं. २०१४मध्ये बार्सिलोनाच्या प्रिमावेरा साउंड महोत्सवात स्लोडाइव्हचे पाच जण पुन्हा एकत्र उभे राहिले, तोवर ‘सुव्लाकी’ आला तेव्हा जन्मलेलेही नव्हते असे त्यांचे कितीतरी चाहते तयार झाले होते. आणि ५ मे २०१७ रोजी नवा अल्बम आला. नाव नुसतंच ‘स्लोडाइव्ह’. गाणी आठ.

‘हरवलेला सुव्लाकी परत आला’ असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. ‘स्टार रोव्हिंग’ ऐकलं, की तसं वाटतंही. गिटारांचा तोच लोंढा, वेग उलट जास्तच. मला मात्र खरी गंमत शेवटच्या ‘फॉलिंग अ‍ॅशेस’मध्ये दिसते. आठेक मिनिटं पियानोची एकच ओळ फिरत राहते आणि तिच्यावर हॅल्स्टेड आणि गॉस्वेल दोघांचे आवाज. गिटार जवळजवळ नाहीच. हा सरळसरळ ‘पिग्मॅलियन’चा धागा आहे! ज्या अल्बमानंतर हाकललं गेलं, तिथूनच त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. फरक आवाजांत पडलाय. ते जरा खाली उतरलेत, स्पष्ट झालेत, आणि वय लपवायचा प्रयत्नही केलेला नाही. पुनरागमनाच्या अल्बमांत हे क्वचित सापडतं. बहुतेकांना आपली विशीच परत हवी असते.

२०२३मध्ये ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ हा पुढचा अल्बम आला. गॉस्वेलची आई आणि स्कॉटचे वडील २०२०मध्ये वारले, त्या दोघांना तो अर्पण केला आहे. ब्रिटनमध्ये तो पहिल्या दहांत पोहोचला. तरी मला विचाराल तर पसंती २०१७च्याच अल्बमाला. त्यातलं ‘शुगर फॉर द पिल’ आता लावतोय. हेडफोन असेल तर जरूर लावा, आणि खालून चालणाऱ्या बेस गिटारकडे कान द्या.